तंबाखू जिने घेतली तिने

हेरॉन पॉइंट
२० ऑक्टोबर १९९६

डेलिमा,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे ओळखूनही तू पत्र फोडलंस, म्हणजे आईला काही झालं की काय अशी भीती तुला वाटली असणार. आईला काही झालेलं नाही. आज सकाळीच तू तिच्याशी बोललीस. दर रविवारसारखा नंबर मी लावला, तू उचललास, पलीकडे मी आहे हे ओळखलंस आणि म्हणालीस, "आईला दे." आजी गेल्यापासून आपल्या दोघींत एवढंच बोलणं उरलं आहे.

मी फोन दिला आणि भांडी घासायला गेले. तुम्ही दोघी आपल्या भाषेत बोलत होतात. आपल्या कसली, तुमच्या. आई हसत होती. माझ्याशी ती अशी हसत नाही. माझ्याशी ती इंग्रजीत बोलते, आणि इंग्रजीत तिच्यापाशी औषधं, सरपण आणि ओले बूट एवढेच विषय असतात. मध्येच माझं नाव आलं. मग तुमचं हसणं. मग पुन्हा माझं नाव. एक बशी मी इतका वेळ घासली की तिच्यावरचं फूल निघालं. काय बोलता ग तुम्ही माझ्याबद्दल?

पण लिहायचं कारण वेगळं आहे. तुझ्या जोडीला आता आणखी एक आली आहे. मरीसा नाव. डुलुथच्या विद्यापीठात आपली भाषा शिकते. तिचे आजोबा दक्षिणेकडच्या इंडियन राखीव वस्तीतले, ती स्वतः शहरात वाढलेली. सप्टेंबरात होडीतून तळ्यातलं रानभात झोडायच्या दिवसांत ती किनाऱ्यावर उगवली. आई खुर्ची टाकून बसली होती, आलेल्या प्रत्येक होडीतल्या भाताला नावं ठेवत. ही पोरगी सरळ तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "बोझू, नोकोमिस." राम राम, आजी! आणि पुढे घडाघडा काय काय बोलली. आईनं तिचा हात धरला तो सोडेचना. मी दिवसभर होडी वल्हवून आले होते, माझ्या केसांत भाताची कुसळं होती, आणि मला आई म्हणाली, "दार लावलंयस ना घराचं?"

मला मूल नाही, तुझी मुलं ओकलंडला. कुणी आजी म्हणावं अशी हौस म्हातारीला असणारच, कबूल. पण तिला आजी म्हणायला आधी मला विचारायला नको?

गेल्या आठवड्यात ती पुन्हा आली. आईला दवाखान्याच्या गाडीनं पाय दाखवायला नेलं होतं. मरीसानं लाल फडक्यात बांधलेली तंबाखूची पुरचुंडी टेबलावर ठेवली. "आजींना सांगाल? बर्फ पडला की मला जुन्या गोष्टी ऐकायच्यात त्यांच्याकडून. त्यासाठी ही असेमा." मी म्हटलं, सांगते. ती गेली. पुरचुंडी टेबलावर होती. असो.

मला एवढंच विचारायचं आहे, आपला पत्ता तिला तू दिलास का?

व्हायोला

•

हेरॉन पॉइंट
१२ नोव्हेंबर

डेलिमा,

पोस्टकार्ड मिळालं. पुढे तुमच्याकडचा पूल, मागे "पत्ता मी दिला नाही. आईची काळजी घे." पूल छान आहे. आईची काळजी कोण घेतंय असं वाटतं तुला, पोस्टमन?

इथे बर्फ पडला. शनिवारी दुपारी मरीसा आली, बूट झटकले आणि शेगडीपाशी जमिनीवर ताठ बसली. आई मोकासिनच्या मऊ कातडी जोड्यांना मणी लावत होती. तिनं चहा विचारला, मरीसा प्यायली. मग दोघी गप्प. कुणी घरी आलं तर का आलात म्हणून विचारायचं नाही, ही आपली रीत. आणि तंबाखू देऊन झाल्यावर पुन्हा मागायचं नाही, हीही आपलीच रीत. तेव्हा दोघी एकमेकींकडे बघून गोड हसत बसल्या, आणि मी उकळत्या सुपात डोकं घालून उभी.

शेवटी पोरीनंच तोंड उघडलं. "नोकोमिस, बर्फ पडला."

"पडला खरा."

"मी गोष्टीसाठी आले."

"कसल्या गोष्टीसाठी?"

"मी असेमा ठेवून गेले होते..."

आईनं सुई थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं.

आता सांगूनच टाकते. मागच्या पत्रात जे "असो" होतं ना, त्यात हे होतं. पुरचुंडी मी पिठाच्या डब्यामागे ठेवली. आईला सांगणारच होते असं लिहिलं असतं, पण तू हसशील. सांगणार नव्हते. म्हटलं, बघू दे वाट पोरीला. मग पाऊस लागला, रस्ता पाण्याखाली गेला, माझ्या सिगारेटी संपल्या. तंबाखू बाकी चांगल्यापैकी होती.

"कुणी घेतली?" आईनं इंग्रजीत विचारलं, म्हणजे प्रश्न मलाच होता.

"मी."

"कुठे ठेवलीस?"

"ओढली."

"होवा!" आई म्हणाली, आणि अशी हसली की मणी शेगडीखाली घरंगळले. मरीसाला हसावं की रडावं कळेना. आईनं डोळे पुसले. "मग झालं तर. जिनं घेतली तिनं सांगायच्या गोष्टी."

"आई, मला एक गोष्ट येत नाही! मला भाषाच येत नाही!"

"ते ओढण्याआधी बघायचं होतंस."

मरीसा बिचारी भली. म्हणाली, "मी दुसरी आणते, नोकोमिस, तुमच्या नावानं."

"एका मागण्यासाठी दोनदा? ज्यांच्यापर्यंत तो धूर जातो ते काय म्हणतील? या घरात माणसं आहेत की गळकी भांडी?" आई म्हणाली. "घेतली म्हणजे हो म्हटलं. हिनं हो म्हटलंय."

हातात तंबाखू घेतली म्हणजे शब्द दिला, नको असेल तर हात लावू नये, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होते. पण हे दुसऱ्याच्या पुरचुंडीलाही लागू होतं हे मला कुणी सांगितलं होतं?

तू आता पोट धरून हसत असशील. हस. रविवारी आईनं तुला हेच सांगितलं ना? माझं नाव फारच वेळा आलं.

व्हायोला

•

१५ डिसेंबर

डेलिमा,

घरात आता इंग्रजी बंद आहे. मी चहा हवा का विचारलं तर आई खिडकीबाहेर बघते, जणू बोलणारी खार आहे. बरोबर शब्दात विचारलं तरच चहा. पहिल्या आठवड्यात दोघी बिनचहाच्या राहिलो. ती ब्याऐंशीची, मी पंचावन्नची, आणि सरपण आणायला मला अशी पिटाळते जशी मी बालवाडीत आहे.

शिकवणं वगैरे काही नाही. ती सोमवारी गोष्टीचा एक तुकडा सांगते, काम करता करता, तिच्या भाषेत. मला कळलं नाही तर तोच तुकडा पुन्हा, तितक्याच वेगानं. तरी कळलं नाही तर उठून करून दाखवते. मंगळवारी आपल्या आईनं स्वयंपाकघरात ससा करून दाखवला, कान वगैरे सगळं. त्या पायांनी! मी म्हटलं पडशील. तिनं मला ससा कसा ऐकू न आल्यासारखं करतो तेही दाखवलं. शुक्रवारपर्यंत सगळा तुकडा माझ्या नुसता पाठ नाही, तोंडात बसायला हवा. शनिवारी मरीसा.

गोष्टीतल्या त्या खोडकराचं नाव इथे लिहीत नाही. बर्फ असेल तिथेच ते घ्यायचं, आणि पत्र तुझ्याकडे पोचेल तेव्हा तिकडे बर्फ कुठला.

एक विचारलं तिला. ते विचारायला लागणारे शब्द जमवायला मला दोन दिवस लागले. म्हटलं, तुला गोऱ्यांच्या निवासी शाळेत इतकी वर्षं कोंडलं, बोललं की साबण तोंडात, तरी तुझी भाषा कशी राहिली? ती म्हणाली, "मला गोठ्यात काम होतं. मी गाईंशी बोलायचे. गाईंनी कधी चुगली केली नाही."

मग मला राहवलं नाही. "गाईंशी बोललीस," मी म्हटलं, "माझ्याशी का नाही?"

तिनं उत्तर दिलं. सगळं कळलं नाही मला. भिंत कळली. पातळ कळलं. मालकीणबाई कळली. डेलिमा, तुला ती खोली आठवत नसेल, तू तिथे कधी राहिलीच नाहीस. बाबा बुडाले तेव्हा तू सहा वर्षांची, मी चार. इस्पितळाच्या धुलाईघरात आईला काम मिळालं, आणि गावात खोली मिळाली ती एका मुलीपुरती. तू मोठी, आजीला मदत करशील म्हणून तुला तळ्यापलीकडे धाडलं. मला ठेवलं. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आमच्या घरात ती इंडियन बडबड चालायची नाही. आणि भिंत पातळ होती.

म्हणजे तुला आजी मिळाली, तळं मिळालं, होडी मिळाली, आणि सगळी भाषा मिळाली. मला ब्लीचचा वास येणारी आई आणि गावातली शाळा. आजीच्या मातीच्या दिवशी मी रडत होते, तेव्हा सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "तू कशाला रडतेस? तिचं बोलणं कळलं तरी होतं का तुला कधी?" ते खरं होतं म्हणून मी तुला क्षमा केली नाही. खोटं असतं तर विसरले असते.

हे पत्र टाकू की नको असं झालंय. टाकते.

व्हायोला

•

२ फेब्रुवारी १९९७

डेलिमा,

थंडी इतकी की गाडी चालू होत नाही, मरीसा मात्र शनिवारी येतेच. कुणाच्या तरी ट्रकमधून येते, उरलेलं चालते.

तिच्याबद्दल खरं ते सांगते: हुशार आहे. मी गोष्ट सांगायला बसते, ती पुढ्यात ऐकते, आणि मी अडखळले की शब्द तिच्या ओठांवर तयार असतो. म्हणत नाही, नुसता ओठांवर धरून बसते. तेच जास्त लागतं. विद्यापीठात तिनं एका क्रियापदाची सगळी रूपं शिकली आहेत, मला त्यातलं एक येतं, तेही आई ज्यात मला ओरडते ते. मी गोष्टीत अस्वलाला "दार लाव!" अशा सुरात बोलायला लावलं तेव्हा आई आणि मरीसा एकमेकींकडे बघून हसल्या. त्या हसण्यात मी नव्हते. रविवारी तुम्ही दोघी, शनिवारी त्या दोघी. माझ्या वाटणीचा वार कुठला?

गेल्या शनिवारी कडेलोट झाला. आई शेगडीपाशी पेंगत होती. मरीसानं तिच्या पायांवर शाल घातली. माझी शाल. मी तिला मागच्या पडवीत बोलावलं आणि म्हटलं, "तुला आई नाही का? तिच्या पायांवर घाल की शाली. तिच्याकडून शीक."

तिनं पडवीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "आहे ना आई. तिला लहानपणी घरातून उचलून गोऱ्या लोकांकडे वाढवलं. तिला बोझूसुद्धा म्हणता येत नाही. मीच तिला शिकवते फोनवर. कंटाळते ती."

तिचं अजून संपलं नव्हतं. पोरगी चिडली की सुरेख चिडते. "तुम्ही सकाळी उठता आणि त्या तुमच्याशी बोलतात. चहावरून बोलतात. सरपणावरून भांडतात. मला आठवड्यातून दोन तास मिळतात, तेही तुमच्या तोंडून, निम्मं चुकलेलं! आणि जळायचं तुम्ही?"

"निम्मं?" मी म्हटलं.

"पाव," ती म्हणाली. आणि आम्ही दोघी त्या गारठ्यात उभ्या राहून हसलो. नाकातलं पाणी गोठेपर्यंत.

तिला जेवूनच जायला सांगितलं. "विसिनिन," मी म्हटलं, आणि तो शब्द मला शोधावा लागला नाही. आईचा एक डोळा उघडा होता.

माझा जळफळाट गेला असं समजू नकोस. तो फक्त मरीसावरून उठला. आता सगळा तुझ्या वाट्याला आहे.

व्हायोला

•

१९ एप्रिल

डेलिमा,

यात तुला नवं काही नसेल, कारण मी आईला हे कुणाला सांगू नकोस म्हणून विनवलं होतं. तेव्हा तिनं पहिल्याच रविवारी सांगितलं असणार. तरी माझ्या बाजूनंही ऐक.

मार्चअखेर आईनं शेवटची गोष्ट काढली. म्हणाली, "ही माझ्या आईची. ती दर हिवाळ्यात सर्वांत शेवटी सांगायची." लांबलचक गोष्ट, दोन भावांची. एक तळ्याच्या या काठाला राहतो, एक त्या काठाला. आई दमते आता. एक तुकडा सांगायला आठवडा जातो. आणि इकडे सूर्य वर यायला लागला. छपरावरून पाणी गळायला लागलं. जमिनीवर बर्फ असेपर्यंतच गोष्ट सांगायची. मला रोज सकाळी उठून जमीन किती उघडी पडली ते बघायचा नादच लागला.

तेव्हा मी एक युक्ती केली. सरपणाच्या ढिगामागे उत्तरेला, जिथे ऊन येत नाही, तिथे रस्त्याकडेचा बर्फ फावड्यानं आणून रचला. वर स्प्रूसच्या फांद्या, त्यावर ताडपत्री. शेजारच्या रेमंडनं कुंपणावरून विचारलं, "व्हाय, हरीण मारून लपवतेयस का?" म्हटलं, हो. बर्फ लपवतेय हे सांगण्यापेक्षा ते बरं.

सगळीकडे चिखल झाला तरी माझा बर्फ होता. आई गोष्टीला तयार होईना तेव्हा मी तिला हाताला धरून मागे नेलं आणि ताडपत्री उचलली. तिनं बराच वेळ त्या मळक्या ढेकळाकडे पाहिलं. "बर्फ आहे," ती म्हणाली.

"जमिनीवर आहे," मी म्हटलं. हे सगळं तिच्याच भाषेत.

"आहे खरा." ती ओंडक्यावर बसली आणि तिथेच तिनं पुढचा तुकडा सांगितला. कोट घालून, पाय चिखलात. असं तीनदा झालं. मरीसाही होती एकदा. तिनं ताडपत्री धरली.

परवा संध्याकाळी मेपलचा रस उकळत होतो. शेवटचा तुकडा राहिला होता. दोघे भाऊ होड्या काढून निघाले होते आणि धुकं उतरलं होतं. आईनं तोंड उघडलं, आणि दलदलीकडून आवाज आला. आधी एक. मग शंभर. बेडूक.

आईनं तोंड मिटलं.

"बर्फ आहे अजून!" मी म्हटलं. "चल दाखवते!"

"बर्फाला तू फसवलंस. बेडकांना काय करशील? ते ऐकतात, आणि जाऊन सगळ्यांना सांगतात. आता पुढच्या बर्फाला."

"पुढच्या बर्फाला तू असशील का?"

हे मी म्हटलं, डेलिमा. असं तोंडावर. कढई ढवळायची थांबवूनही नाही. आईला मात्र राग आला नाही. रस चमच्यानं वर धरून बघत ती म्हणाली, "आता रस कडू व्हायला लागेल, उतरव. मी नसले तर डेलिमाला विचार. तिला शेवट माहीत आहे."

नाकाला मिरच्या झोंबणं काय असतं ते मला त्या धुरात कळलं. सगळा हिवाळा मी जीभ मोडून घेतली, बर्फ वाहिला, ससे पाहिले, आणि शेवट तुझ्याकडे! लहानपणापासून तुझ्याकडे पडून आहे. तू तो तुझ्या मुलांनाही सांगितला नसशील.

मी विचारणार नाही. आई जगेल. मी तिला जगवीन, दुसरं काही नाही तर शेवट तुझ्याकडून ऐकायला लागू नये म्हणून.

व्हायोला

•

२७ एप्रिल, रविवार

निमिसें,

मोठ्या बहिणीला काय म्हणायचं ते आईनं डिसेंबरातच सांगितलं होतं. मी तो शब्द वापरत नव्हते, इतकंच. ताई, आज सकाळचं लिहिते. तू फोनच्या त्या टोकाला होतीस, या टोकाला काय झालं ते तुला माहीत नाही.

नंबर मी लावला. तू म्हणालीस, "आईला दे." दिला. मी भांड्यांकडे वळले. आणि ताई, मला कळायला लागलं. मी काही कान लावला नव्हता. हात पाण्यात होते, आणि शब्द येत गेले, एकामागून एक, नेहमीच्या बोलण्यासारखे. पाय बरा आहे. रस यंदा कमी निघाला. रेमंडच्या कुत्रीला पिल्लं झाली. एवढ्या वर्षांचं तुमचं ते गुपित, माझ्या पाठीमागे चाललेलं, ते हे! कुत्रीची पिल्लं! मला हसू फुटणार होतं.

मग माझं नाव आलं.

आई म्हणाली, "हो, व्हायोला इथेच आहे. भांडी घासतेय. कळतं तिला आता पुष्कळ." मग ती ऐकत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "रडू नको." मी नळ बंद केला. आई म्हणाली, "तू दर शनिवारी धक्क्यावर उभी राहायचीस, माझी आई सांगायची मला. होडी यायची नाही तरी अंधार पडेपर्यंत हलायची नाहीस. माहीत आहे मला. मला नव्हतं येता येत, पोरी." मग पुन्हा ऐकलं. आणि मग म्हणाली, "सगळा हिवाळा तिला दिला, हो. तुला माझी आई मिळाली होती. हिला मी मिळाले होते. दोघी जन्मभर एकमेकींच्या ताटात बघत बसलात, आणि जेवलं कुणीच नाही."

तुला मी दिसत होते का ग त्या धक्क्यावरून? आईचा हात धरलेली, गावात राहणारी, आई रोजची असलेली? मला वाटायचं की तळ्यापलीकडे तू माझा हिस्सा खातेयस. तुलाही तेच वाटत होतं? इतकी वर्षं?

तुझं रडणं मला फोनमधून ऐकू येत नव्हतं, आईच्या तोंडावर दिसत होतं. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? माझ्यावर कुणी जळलं, माझ्यापाशी जळण्याजोगं काही होतं, हे मला या वयात पहिल्यांदाच कळलं. दोन क्षण मी अगदी ताठ उभी होते. तिसऱ्या क्षणाला मला तो धक्का दिसला, आणि त्यावरची सहा वर्षांची पोर. मग ताठ उभं राहता येईना.

आईनं फोन माझ्यापुढे धरला. मी ओल्या हातानं घेतला. तू म्हणालीस, "व्हाय?" आणि माझ्याजवळ शब्द होते, ताई, हिवाळाभर जमवलेले, पण एकही वर आला नाही. मी फोन ठेवून दिला. राग मानू नकोस. तोंडातून निघालं नाही म्हणून लिहायला बसले.

गोष्टीचा शेवट मी बर्फ पडल्यावर ऐकेन, आईकडून नाहीतर तुझ्याकडून. पण आजी कशी होती हे सांगायला बर्फ लागत नाही. ती सकाळी उठून आधी काय करायची, तुझ्यावर कशावरून ओरडायची, होडीत तुला पुढे बसवायची की मागे, ते लिही. आपल्या भाषेत लिही. अडलं तर आईला विचारीन, आणि आईनं खिडकीबाहेर बघितलं तर मरीसाला. तू मला आजी सांग, मी तुला आई सांगते. तुला ती खोली माहीत नाही. तिथूनच सुरुवात करते.

पलंग एकच होता, आम्ही दोघी त्यात झोपायचो. दिवसभर आई इंग्रजीत बोलायची, भिंतीला ऐकू जाईल अशी, चांगली, मोजकी. पण झोपेत तिला कोण अडवणार? झोपेत ती आपल्या भाषेत बोलायची. मी जागी राहून ऐकायचे. आईची ती भाषा मला तेवढीच मिळाली, उशीवरून. मला काही कळायचं नाही. एकच शब्द कळायचा. मी वाट बघायचे की एकदा तरी, चुकून तरी, ती माझं नाव घेईल. मी तिच्या कुशीत होते, माझं कशाला घेईल? ती तुझंच घ्यायची, ताई. रोज तुझंच. मी हे आजवर तुला कळू दिलं नव्हतं.

व्हाय